बिनमालकाचे सत्य

पाय घासले गेले तेव्हा प्रोफेसर ओटमार राइनवाल्ड एका वाक्याच्या मध्यावर होते. "सत्याला," ते म्हणत होते, "आपल्याला कोण उच्चारतो आहे याची पर्वा नसते," आणि नेमक्या त्याच क्षणी मागच्या बाकांखालून तो आवाज उठला. लाकडी जमिनीवर बुटांचे तळवे खरवडल्याचा, कोरडा, एकसारखा, पोत्यातून कोळसा ओतावा तसा. लाइपझिगचे विद्यार्थी व्याख्यान पटले की बोटांच्या पेरांनी बाक ठोकतात आणि काही खटकले की पाय घासतात. तोंडाने कोणी अवाक्षर काढत नाही, चेहरे वह्यांवर झुकलेलेच राहतात, आणि म्हणूनच त्या आवाजाचा जाब कोणाला विचारता येत नाही. इतरांच्या वर्गांतून तो राइनवाल्डांनी भिंतीपलीकडून ऐकला होता, आणि ऐकताना त्यांना त्या सहकाऱ्यांची थोडीशी कीवही आली होती. स्वतःच्या वर्गात तो कधी उठला नव्हता. त्यांनी वाक्य पूर्ण केले, कारण अर्धवट वाक्य त्यांच्याने सोडवत नसे. मग त्यांनी टिपणे गोळा केली, "आजच्यापुरते पुरे," असे म्हटले आणि टोपी घेऊन ते बाहेर पडले. मागे काय झाले ते त्यांनी ऐकले नाही. कानांत स्वतःचेच रक्त इतक्या जोराने वाजत होते की दुसरे काही ऐकू येणे शक्यही नव्हते.

बाहेर नोव्हेंबरचे धुके होते आणि त्यात लिग्नाइट कोळशाचा तो आंबूस धूर मिसळला होता, जो या शहरात हिवाळाभर पडद्यांना, कॉलरींना आणि पुस्तकांच्या कडांना चिकटून राहतो. विजेची ट्राम घंटा वाजवत जवळून गेली. राइनवाल्ड नेहमीच्या वेगाने चालत होते, पण काठी नेहमीपेक्षा जोराने आपटत होती. हे कोणाचे काम आहे हे त्यांना ठाऊक होते. त्याचा प्रबंध त्यांच्या टेबलावर पडलेला होता आणि आज संध्याकाळी विद्याशाखेच्या सभेत त्यांना त्यावर अहवाल वाचायचा होता. डॉक्टर आर्नुल्फ टेसमर. त्यांचाच विद्यार्थी. प्रबंध मंजूर झाला तर टेसमरला विद्यापीठात शिकवण्याचा अधिकार मिळणार होता आणि नामंजूर झाला तर केमनिट्झच्या एखाद्या शाळेत लॅटिनच्या विभक्ती घोकून घेण्यात त्याचे आयुष्य जाणार होते. अजून मंजुरी नाही, व्यासपीठ नाही, आणि तरी हा माणूस कॉफीगृहांत बसून पोराटोरांचे कान भरतो आहे, आणि ती पोरे येऊन माझ्या वर्गात पाय घासतात! माझ्या वर्गात! आणि कोणत्या वाक्यावर? ज्याच्यावर मी सगळे आयुष्य उभे केले, त्या वाक्यावर.

टेसमरचे म्हणणे तसे थोडक्यात सांगण्यासारखे होते, आणि त्यामुळेच ते पोरांच्या तोंडी लवकर बसले असावे. तत्त्वज्ञ आधी भितो, मग त्याला काहीतरी हवेसे वाटू लागते, आणि सर्वांत शेवटी तो ते सिद्ध करतो. वाचणाऱ्यापुढे मात्र हा क्रम तो उलटा करून ठेवतो, आणि इतक्या सराईतपणे की त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसतो. पहिल्यांदा वाचले तेव्हा राइनवाल्डांनी समासात शांतपणे आपला आक्षेप नोंदवला होता: पूल बांधणारा अभियंता पाण्याला भीत होता, एवढ्यावरून पूल कोसळत नाही. विधान कुठून आले हा एक प्रश्न आणि ते टिकते का हा दुसरा. या दोहोंची गल्लत करणे म्हणजे बेरजेचे उत्तर चुकले की नाही हे ठरवण्यासाठी बेरीज करणाऱ्याची नाडी पाहणे. आक्षेप बिनतोड होता. पण पुढचे पान उलटले तर टेसमरने तोच आक्षेप, जवळजवळ त्याच पुलासकट, आधीच मांडून ठेवलेला. आणि खाली उत्तर: पूल कोसळत नाही हे खरेच, परंतु तो कुठे बांधला गेला आणि कुठे कधीच बांधला गेला नाही, हे पाण्याच्या भीतीनेच ठरवले. राइनवाल्डांनी पेन्सिल खाली ठेवली होती. आपण बोलण्याआधी आपले बोलणे दुसऱ्याने बोलून टाकावे, आणि तेही आदराने, तळटीप देऊन, यासारखा उद्धटपणा दुसरा नाही असे त्यांना वाटले होते.

तरी हे सगळे वादातले होते, आणि वादात ते कधी कोणाकडून हरले नव्हते. संताप होता तो एका वाक्याचा. प्रबंधाच्या मधल्या भागात, नावगाव न घेता तत्त्वज्ञांचे प्रकार पाडताना टेसमरने लिहिले होते: ज्याला सत्य कोणाच्याही मालकीचे असलेले सहन होत नाही, त्याच्या लहानपणीच्या घरात ते कोणा एकाच्या मालकीचे होते. बस. खाली आधार नाही, उदाहरण नाही, पुढचे वाक्य भलत्याच विषयावर. ते वाचून राइनवाल्ड उठून उभे राहिले होते आणि त्यांनी खोलीचे दार लावून घेतले होते. घरात कोणी नसताना कोणी अनोळखी माणसाने येऊन आपल्या कपाटातले खालचे खण उघडावेत, कपडे हातात घेऊन पाहावेत आणि पुन्हा नीट घडी घालून ठेवून जावे, तसे ते होते. घडी नीट होती, हेच सर्वांत भयंकर होते.

घरी सूप वाढलेले होते. त्यांची पत्नी ओटिली टेबलाशी बसली होती आणि तिने त्यांचा चेहरा पाहून काहीच विचारले नाही. हा तिचा नेहमीचा शहाणपणा होता. आज तोही त्यांना टोचला.

"टेसमर इथे यायचा," ते म्हणाले. "विद्यार्थी असताना. रविवारच्या कॉफीला."

"यायचा की. केक दोनदा घ्यायचा आणि दोन्ही वेळा लाजायचा. का रे?"

"तू त्याला काही सांगितलं होतंस?"

"काय सांगितलं होतं?"

"माझ्याबद्दल. माझ्या घराबद्दल. गावाकडच्या."

ओटिलीने चमचा ताटलीच्या कडेला टेकवला. "ओटमार, तुझ्या गावच्या घराला किती खोल्या होत्या ते मला अजून माहीत नाही. लग्न ठरलं तेव्हा मी विचारलं होतं, वडील कसे होते. तू म्हणालास, पाद्री होते. एवढंच. इतक्या वर्षांत तू मला जे सांगितलं नाहीस ते मी त्या पोराला कुठून सांगणार?"

"मग त्याला कळलं कसं?"

"काय कळलं?"

सांगायचे तर जे लपवले तेच सांगावे लागणार होते. ओटिली म्हणाली, "सूप गार होतंय," आणि तिच्या त्या साध्या बोलण्यात त्यांना असा काही समजूतदारपणा ऐकू आला की ते रुमाल टाकून उठलेच. समजूत! त्यांना कोणाची समजूत नको होती. त्यांनी उभ्या आयुष्यात कोणालाही स्वतःची समजूत काढायला सांगितले नव्हते. त्यांनी लोकांना फक्त एवढेच सांगितले होते की माझ्याकडे पाहू नका, मी जे म्हणतो आहे तिकडे पाहा. ही काय फार मोठी मागणी झाली?

अभ्यासिकेत त्यांनी कोरा कागद पुढे घेतला. कॉफी आली; काळीच आली, कारण या घरात त्यांच्या कॉफीत दूध घातले जात नसे. चव आवडत नाही, असे त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी सांगितले होते आणि तो विषय तिथे मिटला होता. तो जिथे खरोखर सुरू झाला होता ती जागा सॅक्सनीच्या डोंगरांतल्या एका गावात होती. पाद्रीबोवांचे घर, खालचे, बसक्या छताचे जेवणघर, उन्हाळ्यातली सकाळ, आणि टेबलावर मातीच्या भांड्यातले दूध. दूध नासले होते. आईने भांडे उचलताच तिच्या नाकपुड्या हलल्या, ओटमारने पाहिले. वडिलांनी आपला पेला उचलला, एका घोटात संपवला, मिशा पुसल्या आणि ते म्हणाले, "दूध चांगलं आहे." ते ओरडले नाहीत. त्यांचा आवाज फार सुंदर होता. दर रविवारी व्यासपीठावरून पाप्यांसाठी रडताना तो भरून यायचा आणि सगळे चर्च रडायचे, आणि ते अश्रू खरे असत. "दूध चांगलं आहे, नाही का गं?" आई म्हणाली, "हो, चांगलं आहे." मोठी बहीण म्हणाली, "चांगलं आहे, बाबा." त्या दोघी प्यायल्या. ओटमारही प्यायला आणि अर्ध्यातच त्याच्या पोटातून ते सगळे उलटून टेबलावर आले, आंबट, गुठळ्यागुठळ्यांचे, नाकातूनसुद्धा. वडील बराच वेळ त्याकडे पाहत होते. मग ते त्याच सुंदर आवाजात म्हणाले, "ओटमार खोटं बोलतोय." तो तर काहीच बोलला नव्हता. त्याचे पोट बोलले होते. वडिलांनी पेला पुन्हा भरला.

त्या घरात थंडी आहे की नाही, आईचे डोके दुखते की नाही, मेलेली मांजर आपोआप मेली की कोणी मारली, हे वडील सांगत, आणि सांगितल्यावर ते तसेच होत असे. आईचे डोके दुखायचे थांबत असे. निदान तसे तिच्या चेहऱ्यावर दिसत असे, आणि ओटमारला सर्वांत जास्त भीती त्या चेहऱ्याची वाटायची, कारण ती खोटे बोलत नव्हती, तिला खरोखर तसे वाटू लागलेले असायचे. मग गावच्या शाळामास्तरांकडे त्याला भूमिती भेटली. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोनांएवढी. त्याने दुसरा त्रिकोण काढला, बारका, वाकडा, कुरूप. तरी तेवढीच. त्याने पाठीमागे पाहिले. कोणी आले नव्हते. आणि आले असते तरी, दारात उभे राहून त्यांनी आपल्या त्या आवाजात काहीही म्हटले असते तरी, बेरीज हलली नसती. त्या दुपारी शाळेच्या अंगणात, उन्हात, त्याला जे झाले त्याला सुख म्हणणे अपुरे होईल. पायाखाली पहिल्यांदाच फरशी लागली.

मग? राइनवाल्डांनी काळ्या कॉफीचा घोट घेतला आणि तो त्यांना कडू लागला. मग काय झाले? फरशी लागली तर ती फरशी नव्हे का? बुडणाऱ्याने जमीन शोधली म्हणून जमीन खोटी ठरते? त्यांनी लेखणी उचलली. सभेत वाचायच्या अहवालाचे शब्द त्यांना आयतेच सुचत गेले. प्रबंध भाषेच्या दृष्टीने कौशल्यपूर्ण. पद्धतीच्या दृष्टीने सदोष. आणि ज्यावर त्याची मधली सगळी मांडणी उभी आहे ते विधान सर्वस्वी निराधार. 'निराधार' या शब्दाखाली त्यांनी रेघ ओढली. शाई वाळेपर्यंत ते तिच्याकडे पाहत राहिले. हा शब्द त्यांनी इतरांच्या बाबतीत कितीतरी वेळा वापरला होता आणि एकदाही त्याची शाई अशी ओली दिसली नव्हती.

दिवेलागणीला केसेनिख आला. प्रोफेसर केसेनिख, भाषाशास्त्रज्ञ, ऱ्हाइनकाठचा, पोट सुटलेला, विद्यार्थिदशेपासूनचा मित्र. या शहरात घराबाहेर राइनवाल्डांना अरेतुरे करणारा एकटा तोच. सभेला दोघे बरोबरच चालत जायचे.

"काय रे, आज वर्ग अर्ध्यात सोडलास म्हणे," बागेच्या कडेने चालताना तो म्हणाला. "पोरं माझ्या वर्गात येऊन बसली. मला वाटलं माझी कीर्ती वाढली!"

"तू ऐकलं असशीलच. भिंत पातळ आहे."

"काय, ते पाय घासणं? ऐकलं की. चांगलंच घासलं. पण त्या म्यूलबर्गला अक्कल येणार नाही. धर्मशास्त्राचा तो जाड्या, रोज उशिरा येतो, धाडदिशी दार आपटतो आणि आठ जणांच्या पायांवरून जाऊन मधल्या जागेवर बसतो. माझ्याकडेही त्याला असंच घासतात. आज तुझ्याकडे घासलं."

राइनवाल्ड थांबले. "दार वाजलं नव्हतं."

"वाजलं नव्हतं? अरे, माझ्या खोलीत खडू पडला!"

"मी ऐकलं नाही."

"तू बोलत होतास ना. स्वतःचं बोलणं चालू असलं की कोणाला दार ऐकू येतं? का, तुला काय वाटलं?" केसेनिख वळला आणि दिव्याच्या उजेडात त्यांच्याकडे पाहून त्याचे हसू हळूहळू मावळले. "ओटमार, तुला वाटलं की काय, ते पाय तुला घासले?"

उशिरा येणाऱ्याला पाय घासतात, हे काय राइनवाल्डांना ठाऊक नव्हते? विद्यापीठातल्या झाडूवाल्यालासुद्धा ते ठाऊक होते. दार आपटले होते. आवाज झाला होता. तो त्यांच्या कानांपर्यंत आला असणारच. कान निकामी नव्हते. मग कानांच्या आणि त्यांच्या मध्ये कोणी उभे होते, त्याने दार बाहेर ठेवले आणि पाय तेवढे आत सोडले. आधी भितो, मग हवेसे वाटते. त्यांना टेसमरचे ते पाठ झालेले वाक्य झटकता येईना आणि त्यामुळे राग ओसरण्याऐवजी अधिकच चढला. पोरे निर्दोष निघाली याचासुद्धा त्यांना राग आला. अपमान झालाच नव्हता, आणि तरी दिवसभर तो त्यांच्या अंगात खरा होऊन वावरला होता. तो आता कोणाला परत करायचा? "चल," ते म्हणाले, "उशीर होतोय." केसेनिखने जवळ येऊन राइनवाल्डांच्या कोपराखाली हात घातला, आणि राइनवाल्डांनी तो काढून टाकला.

सभेच्या दालनाबाहेर बाकावर टेसमर बसलेला होता, रिवाजाप्रमाणे काळ्या फ्रॅककोटात, हातांत पांढरे हातमोजे. ते दिसताच तो ताडकन उठून वाकला. राइनवाल्ड त्याच्याकडे न पाहता आत गेले. आत राजेसाहेबांच्या तसबिरीखाली लांब टेबल, हिरवे कापड, गॅसच्या दिव्यांची फुसफुस. दुसरा अहवाल हुपफेल्डांचा होता. ते निसर्गविज्ञानाकडून तत्त्वज्ञानात आलेले, कोरडे, हुशार, राइनवाल्डांच्या पुस्तकांचे कडवे भक्त. त्यांनी आपला अहवाल आधी वाचला आणि तो फटक्यात संपवला. प्रबंध ही कुचाळकी आहे, विज्ञान नव्हे. हाच न्याय लावला तर उद्या गुरुत्वाकर्षण समजायला सफरचंदाची आई शोधावी लागेल. टेबलाभोवती हशा झाला. अधिष्ठाते राइनवाल्डांकडे वळले.

राइनवाल्डांनी वाचायला सुरुवात केली. आवाज स्थिर होता. भाषेच्या दृष्टीने कौशल्यपूर्ण. पद्धतीच्या दृष्टीने सदोष. 'ज्यावर मधली सगळी मांडणी उभी आहे ते विधान'. इथे ते थांबले. पुढचा शब्द कागदावर होता, अधोरेखित होता, आणि तो खोटा होता. सदोष म्हणणे हे मत होते. निराधार म्हणणे ही साक्ष होती. विधानाला आधार होता. साऱ्या जगात तो एकाच ठिकाणी होता आणि ती जागा या क्षणी खुर्चीत बसून तो नाही असे सांगणार होती. दूध चांगले आहे, नाही का? हिरव्या टेबलाभोवतीचे सगळे सभ्य चेहरे पेले उचलून 'हो' म्हणायला तयार बसले होते.

"या विधानाला," राइनवाल्ड म्हणाले, "आधार आहे."

"कुठे?" हुपफेल्ड प्रबंधाची पाने चाळू लागले. "मला तर दिसला नाही."

"प्रबंधात नाही. मला ठाऊक आहे."

अधिष्ठात्यांनी घसा साफ केला. "मग, प्रोफेसरसाहेब, तो सभेपुढे मांडावा."

"मांडता येणार नाही."

"माफ करा," हुपफेल्ड म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात खरोखरीची कळकळ होती, "पण आम्ही हे तुमच्याकडूनच शिकलो. जो सर्वांपुढे ठेवता येत नाही तो आधार नव्हे, ती खाजगी बाब. हे मी तुमच्या शब्दांत सांगतोय."

कोणीतरी हसले. राइनवाल्डांना वाटले, उठून टेबल उलटे करावे. स्वतःच्या हातांनी घडवलेल्या कुलपात स्वतःचाच हात सापडावा आणि भोवती सगळ्यांनी कुलपाचे कौतुक करावे! त्यांनी कागद पालथा ठेवला. "ठीक," ते म्हणाले, "नोंद घ्या. एक प्रसंग. स्थळ, डोंगरातले एक घर. व्यक्ती चार. वस्तू, नासलेले दूध." त्यांनी ते सगळे सांगितले, प्रयोगशाळेतला वृत्तान्त वाचावा तसे, एकही विशेषण न वापरता. वडिलांना ते 'कुटुंबप्रमुख' म्हणाले, आईला 'पत्नी', आणि स्वतःला 'सर्वांत लहान व्यक्ती'. भरलेल्या दुसऱ्या पेल्यापाशी आल्यावर ते म्हणाले, "तोही संपवण्यात आला." मग त्रिकोण सांगितला. मग म्हणाले, "ही व्यक्ती पुढे तत्त्वज्ञ झाली. सत्याला कोणी मालक नसतो, हे तिने आयुष्यभर प्रतिपादन केले. प्रतिपादन मला आजही ग्राह्य वाटते. परंतु प्रबंधातले विधान त्या व्यक्तीपुरते खरे आहे. मी त्याची खात्री देऊ शकतो."

हुपफेल्ड हिरव्या कापडावरचा न दिसणारा कण नखाने उचलत होते. केसेनिखने डोळ्यांवर हात धरला होता. लोकांना वाईट वाटत होते, आणि ते वाईट वाटणे खोलीत ऊबेसारखे पसरले आणि राइनवाल्डांच्या अंगावर येऊन चिकटले. नग्न माणसावर दयेने घोंगडी टाकावी तसे. त्यांना किळस आली. "मतदान घ्यावे," ते म्हणाले.

गोळ्यांची पेटी फिरली. रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने मुठीत हात झाकून आत नेला आणि पांढरी किंवा काळी गोळी टाकली. पेटी समोर आली तेव्हा राइनवाल्डांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. त्यांनी काळी टाकली. विधान खरे होते, याची साक्ष त्यांनी दिली होती. त्या साक्षीत 'सर्वांत लहान व्यक्ती' होती, ते स्वतः हजर नव्हते. आता जे बोलायचे होते ते त्यांचे स्वतःचे होते, आणि ते काळे होते. मोजणी झाली. काळ्या गोळ्या होत्या, पण पांढऱ्या अधिक निघाल्या. अधिष्ठात्यांनी घाईघाईने टेसमरचा अधिकार मंजूर झाल्याचे जाहीर केले, आणि सगळेजण राइनवाल्डांकडे पाहायचे टाळत उठू लागले.

ते सर्वांत आधी बाहेर पडले. पांढऱ्या हातमोज्यांतला टेसमर बाकावरून उठला. आतल्या कोणीतरी दारातून त्याला मान हलवून सांगितले असावे, कारण त्याचा चेहरा उजळला होता आणि उजळल्याची लाज वाटून पुन्हा आवळला होता.

"प्रोफेसरसाहेब, आपल्या आधाराशिवाय..."

"मी काळी टाकली," राइनवाल्ड म्हणाले. "आभार मानू नका."

टेसमरने मान खाली घातली. "तरीही."

"तरीही काय? मला फक्त एक सांगा. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कशाबद्दल?"

"त्या वाक्याबद्दल. मालकीच्या. कोणाचं घर पाहून लिहिलंत ते?"

टेसमरचे कान लाल झाले. त्याने एक मोजा काढला, पुन्हा घातला. "आमचंच, प्रोफेसरसाहेब."

"तुमचं?"

"केमनिट्झचं. माझ्या आईचं. तिथं खरं काय ते आई ठरवायची. धाकटा भाऊ गेला तेव्हा ती म्हणाली, तो झोपलाय. आम्ही पुष्कळ वेळ कुजबुजत बोललो, त्याची झोपमोड होऊ नये म्हणून. वडीलसुद्धा. शेवटी शेजारीण आली. पुढं मी इथं आलो आणि पहिल्याच आठवड्यात आपल्या वर्गात बसलो. आपण म्हणालात, सत्य कोण बोलतं याची सत्याला पर्वा नसते. मला त्या घरातून बाहेर पडल्यासारखं झालं. अंगणात. मग कितीतरी वर्षांनी मनात आलं, की मला ते इतकं हवं का होतं? म्हणून लिहिलं. आपल्याला उद्देशून त्यात एक अक्षर नाही. आपल्याबद्दल तसं काही मनात आणण्याचीसुद्धा माझी हिंमत झाली नसती."

हे ऐकून राइनवाल्डांना हायसे वाटायला हवे होते. कपाट कोणी उघडले नव्हते. ओटिलीने काही सांगितले नव्हते. समोरचा माणूस चोर नव्हता. तोही तशाच एका अंगणात उन्हात उभा राहिलेला एक मुलगा होता, आणि तत्त्वाच्या दृष्टीने पाहता ही उत्तम गोष्ट होती, कारण ज्याचा साक्षीदार एकच होता त्याचे आता दोन झाले होते आणि खाजगी बाब सार्वजनिक होण्याच्या वाटेला लागली होती. हे सगळे त्यांच्या बुद्धीने अचूक आणि क्षणात मांडले. आणि त्याच्या खालून, बुद्धीला न विचारता, आजच्या सबंध दिवसातला सर्वांत मोठा संताप वर आला. त्यांनी ते एवढी वर्षे जपले होते. पत्नीला दिले नव्हते, मित्राला दिले नव्हते. आज भर सभेत सोलून ठेवले, आणि आता हा केमनिट्झचा पोरगा मोजे चाळवत सांगतो की ते त्याच्याकडेही आहे, त्याच्या शेजारणीलाही ठाऊक आहे, आणि कोणास ठाऊक, या शहरातल्या प्रत्येक जिन्यावर एकेकाच्या खिशात ते असेल! ते जिना उतरू लागले. अर्ध्यावर जाऊन थांबले, कठड्याला धरून वळले.

"ते माझं होतं!" ते ओरडले. "टेसमर, ऐकताय? ते माझं एकट्याचं होतं!"

जिन्याच्या पोकळीतून तो आवाज वर गेला. दालनातून बाहेर पडणारे लोक कठड्याशी येऊन थबकले आणि वाकून खाली पाहू लागले. राइनवाल्डांनी त्यांच्याकडे पाहिले, आणि आवाज मुळीच न उतरवता ते वाक्य पुन्हा एकदा, शेवटपर्यंत, म्हटले.